साडूचा इनबॉक्स

मत्सर हा क्षुद्र मनाचा विकार आहे आणि तो आपल्याला आयुष्यात कधी शिवलेला नाही, असं तो बायकोला सांगत होता. सांगताना मोबाइलवरचा, साडूच्या कॉम्प्युटरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होता.

फोटो बायकोनेच बहिणीच्या घरून काढून आणला होता. इनबॉक्स पांढराशुभ्र. एकही मेल नाही.

"बघ," ती म्हणाली. "भावोजी एवढ्या मोठ्या हुद्द्यावर, तरी सगळं कसं लख्ख! आणि तुझं?"

त्याचं असं होतं, की तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रार विभागात होता. शहरात कुठलीही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की आतला माणूस आधी देवाला हाक मारी आणि मग याला मेल करी. न वाचलेले मेल चार हजार दोनशे अठरा होते. त्यातली बरीचशी माणसं एव्हाना बाहेर आली असावीत, असा त्याचा अंदाज होता.

बारा वर्षं तो त्या घरातला दोन नंबरचा जावई होता. साडू विमा कंपनीत विभागप्रमुख. सासरे सही करण्याआधी प्रत्येक कागद साडूला दाखवत आणि याला बल्ब बदलायला बोलावत. परवाच ते म्हणाले होते, "थोरले जावई हल्ली किती शांत झालेत. कामावर पकड असली की असं होतं."

"साडेपाचच्या ठोक्याला घरी," मेहुणीने भर घातली होती. "ऑफिसचा एक फोन येईल तर शपथ!"

तेव्हा याच्या घशात घास अडकला होता. मधल्या मजल्यावर.

शेवटी त्याने मन घट्ट करून साडूला फोन लावला.

"साडूभाऊ, मेलसाठी तुम्ही कुठला प्रोग्रॅम वापरता?"

"जो कॉम्प्युटरबरोबर आला तोच."

"मग इनबॉक्स इतका रिकामा कसा?"

साडूने आवाज खाली आणला. "होतो हळूहळू," तो म्हणाला. "पहिले काही दिवस जड जातात."

'लपवतोय लेकाचा,' याने मनात नोंद केली आणि कंबर कसली. कॉम्प्युटरबरोबर आलेल्या प्रोग्रॅमवर कुणाचं भलं होत नसतं. दुसरा शोधायला हवा होता.

पहिला दिसायला देखणा होता, पण दर दहा मिनिटांनी 'आज मन कसं आहे?' विचारायचा. दुसरा फुकट होता. त्याने जुने मेल रात्रंदिवस ओढून आणले आणि नजरचुकीने दोनदा आणले. आकडा आठ हजार चारशे छत्तीसवर गेला. तिसऱ्यात माउसला हात लावायची सोय नव्हती, सगळं कीबोर्डवर. त्यात एका ग्राहकाला 'आपली तक्रार मिळाली' हे उत्तर चौदा वेळा गेलं. चौदाव्याला त्या ग्राहकाने आभार मानले.

चौथा प्रोग्रॅम मात्र गुणी निघाला. त्यात नियम लावता येत. याने नियम लावला: विषयात 'तातडीचे' असेल, तर मेल 'नंतर' या कप्प्यात जावा. 'अतितातडीचे' असेल, तर 'अगदी नंतर' या कप्प्यात.

"अरे, पण त्यांना उत्तरं कोण देणार?" बायकोने विचारलं.

"ते वेगळं खातं," तो म्हणाला.

तीन रविवार गेले. चौथ्या शनिवारी दुपारी आकडा शून्यावर आला. त्याने उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं.

जेवणं झाल्यावर त्याने सहज म्हणून कॉम्प्युटर उघडला. सहजपणाचा सराव सकाळी दोनदा झाला होता.

सासऱ्यांनी चष्मा लावला. "एकही नाही? अगदी थोरल्यांसारखं!" बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मेहुणी "अगंबाई!" म्हणाली. बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला लग्नातला फोटो आठवला.

साडू तेवढा पुढे वाकला. त्याने पडदा पाहिला, याच्याकडे पाहिलं, पुन्हा पडदा पाहिला. त्याचा चेहरा उतरला. 'जळला,' याने मनाशी म्हटलं. आयुष्यात एवढं गोड काही त्याने चाखलं नव्हतं.

"जरा गॅलरीत येता?" साडू म्हणाला.

आता गुपित विचारणार. सांगावं की थोडं ताटकळत ठेवावं, याचा विचार करत तो मागोमाग गेला. साडूने गॅलरीचं दार ओढून घेतलं, आत एकदा बघून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांचं 'तुम्ही' सोडून तो पहिल्यांदाच एकेरीवर आला.

"तुझी कधी गेली रे?"

"काय?"

"नोकरी. माझी जाऊन नऊ महिने झाले. हिला अजून सांगितलेलं नाही."