पांढरी रेघ

"अहो, हे काय खिशात ठेवलंय?"

सासूबाईंच्या एका हातात धुवायला टाकायचा शर्ट होता आणि दुसऱ्या हातात बोल्ट आवळायची पाच नंबरची ॲलन की. सासरेबुवांनी ती बघितली आणि ते उठून उभेच राहिले.

काल संध्याकाळी त्यांनी सुनेच्या डोंगरात चालवायच्या सायकलला नवं, रुंद हँडल बसवलं होतं. हँडल धरून ठेवणारे चार बोल्ट बोटांनी फिरवून बसवले, तेवढ्यात गोळीची वेळ झाली म्हणून आतून हाक आली. की खिशात टाकून ते आत गेले. गोळी घेतली, ग्रीस लागलेला शर्ट बदलला, परत आले, चारही बोल्टांवर पांढऱ्या मार्करने रेघा ओढल्या आणि हात पुसून मोकळे झाले. की मात्र त्या जुन्याच शर्टात राहिली होती. मग बोल्ट आवळले कशाने? नखांनी?

रेघ ही त्यांची कारखान्यातली सवय. बोल्ट पक्का आवळला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर एकच रेघ ओढायची. बोल्ट जराही हलला की रेघेचे दोन तुकडे होतात आणि लांबूनच कळतं. न आवळता रेघ ओढणं म्हणजे खोटी सही करणं. उभ्या नोकरीत त्यांनी ते कधी केलं नव्हतं, आणि काल घरात, सुनेच्या सायकलवर केलं.

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात पूर्वीचा राहिला नव्हता. सासूबाई त्यांना अर्धाच कप चहा देत आणि विषय काढत नसत. रेघ ओढतानाही हात थरथरायचा आणि ती वाकडी यायची. पण रेघ तुटली की नाही हे महत्त्वाचं, तिला काय मिरवायचंय, असं ते म्हणत. सून डोंगरातून आली की ते चष्मा लावून सायकलभोवती फिरत. एकही रेघ कधी तुटलेली नसे. "हात गेला म्हणणाऱ्यांना आणून दाखव," असं ते बायकोला ऐकवत. हात गेला असं त्या घरात कोणीच म्हणत नव्हतं.

आणि आज सून पहाटेच निघून गेली होती. तिचा फोन लागत नव्हता.

"स्कूटर काढ," ते म्हणाले.

सासूबाई स्कूटर चालवत होत्या आणि सासरेबुवा मागे बसून बडबडत होते. "सपाट रस्त्यावर तिला कळायचंच नाही गं. उतारावर पहिला मोठा दगड आला, सगळा भार हातांवर आला, की हँडल गर्रकन फिरणार. मग तोंडावरच." सासूबाईंनी वेग वाढवला, आणि एरवी "हळू, हळू" म्हणणारे सासरेबुवा आज सीट घट्ट धरून बसले.

सुनेची नेहमीची पायवाट डोंगरावरून जिथे खाली उतरते तिथे पाण्याच्या टाकीपाशी ते थांबले. एक अनोळखी सायकलवाला नुकताच खाली आला होता. निळी सायकल दिसली का, असं त्यांनी विचारलं.

"वर होत्या त्या. माझ्या मागोमाग निघणार होत्या."

म्हणजे आता अडवताही येत नव्हतं. सासरेबुवा वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. तिला काही झालं तर मुलाला काय तोंड दाखवायचं, हे त्यांच्या मनात आलं. मग मुलगाही बाजूला राहिला आणि पोरगी तेवढी उरली. रोज संध्याकाळी "बाबा, जरा ब्रेक बघता का?" म्हणून सायकल त्यांच्यापुढे आणून ठेवणारी. वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. झाडीतून निळं काहीतरी सुटलं, शेवटच्या उंच पायरीवरून हवेत गेलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा? तुम्ही इथे?"

ती धापा टाकत उभी होती. धड होती. सासरेबुवा उत्तर न देता सायकलपाशी खाली बसले आणि त्यांनी की पहिल्या बोल्टात घातली. बोल्ट हलेना. दुसरा हलेना. चारही दगडासारखे घट्ट.

"काल आवळले होते की तुम्ही," सून म्हणाली. "विसरला असाल."

ते बघतच राहिले. सैल बोल्टावर ओढलेली रेघ, तो आवळला की तुटायलाच हवी. इथे चारही रेघा अखंड होत्या. अखंड आणि पट्टीने आखल्यासारख्या सरळ. त्यांनी ब्रेकचे बोल्ट बघितले, मग सीटचे, मग चाकाजवळचे. झटक्यानंतर त्यांनी स्वतः आवळलेला एकेक बोल्ट. सगळ्या रेघा सरळ. इतके दिवस ते फक्त रेघ तुटली का एवढंच बघत आले होते.

सुनेच्या पाठीवरच्या पिशवीची चेन अर्धी उघडी होती. आत ॲलन कीचा जुडगा होता, आणि त्याला रबर लावून अडकवलेला पांढरा मार्कर. तिने घाईने चेन ओढली. सासूबाई लांब डोंगराकडे बघत राहिल्या.

गुडघ्यावर हात टेकून सासरेबुवा सावकाश उठले. सुनेने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी आज नाकारला नाही.

"पुढच्या वेळेपासून," ते म्हणाले, "रेघ जरा वाकडी काढत जा."