लाल गाडीतली हाळी

कॉलनीच्या गेटवर बोर्ड लागला, 'ओरडून विक्री करण्यास मनाई', आणि वीस वर्षं तिथे दारोदार मासे विकणाऱ्या शेवंतीला सेक्रेटरी पाटणकरांनी डोक्यावरच्या पाटीसकट बाहेर काढलं.

घरी येऊन शेवंतीने जुन्या लाल स्पोर्ट्स कारवरची ताडपत्री ओढली. तिच्या नवऱ्याने ती मुंबईच्या शेठकडे जन्मभर चालवली होती, आणि तो निवृत्त होताना शेठने ती त्यालाच देऊन टाकली होती.

"वहिनी, मूळचा टेप काढलात तर गाडीची शोभा जाईल हो," मारुती मंदिराजवळचा गाड्यांच्या टेप-स्पीकरचा दुकानदार कळवळला.

"शोभा घाल चुलीत. दुकानातले सगळ्यात मोठे स्पीकर बसव."

दुसऱ्या सकाळी वॉचमनने लाल गाडी बघून सलाम ठोकला आणि गेट सताड उघडलं. नवऱ्याने गाडी बरोब्बर मधोमध उभी केली. शेवंतीने बर्फाने भरलेली डिकी उघडली आणि स्पीकरमधून तिचीच हाळी घुमली, "सुरमयऽऽ! फडफडीत बांगडेऽऽ!" तिसऱ्या मजल्याच्या काचा थरथरल्या.

पाटणकर बनियनवरच धावत आले. "ओरडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"



"ओरडतंय कोण, भाऊ? सकाळपासून मी तोंड उघडतेय ते हे आत्ता, तुमच्याशी."