डोंगर कुणाचा

उंबरेवाडीच्या समितीचा अध्यक्ष भागवत वर्गातून बाहेर आला आणि जयाकडे न बघताच पायऱ्या उतरून आंब्याखाली आपल्या माणसांत जाऊन बसला.

"विकून आला आपल्याला," जयाशेजारी उभा असलेला हिरडवाडीचा आसाराम पुटपुटला. त्याच्या कपाळावर गेल्या हंगामातला व्रण होता. हिरडा गोळा करताना हिरडवाडी आणि उंबरेवाडीची मारामारी झाली, तेव्हा त्याला कोयत्याची मूठ लागली होती. तेव्हापासून दोन्ही वाड्यांचं बोलणं बंद होतं. राजूरच्या बाजारातसुद्धा माणसं एकमेकांना बघून रस्ता बदलत.

आज राजूरच्याच आश्रमशाळेत सुनावणी होती. कळमजाईच्या डोंगरावरचं जंगल राखायचा, तिथला हिरडा आणि मध गोळा करायचा, गुरं चारायचा हक्क सरकारनं गावाला परत द्यावा, असा हिरडवाडीचा दावा होता. पण डोंगराच्या पलीकडच्या उतारावर उंबरेवाडी होती, आणि तिनंही त्याच डोंगरावर दावा लावला होता.

जया हिरडवाडीच्या वनहक्क समितीची अध्यक्ष होती. दावा उभा करायला तिनं सगळा डोंगर पायाखाली घातला होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं केलं होतं. झरे कुठं, देवराई कुठं, वाघोबाचं ठाणं कुठं, सगळं नकाशावर आणलं होतं. आधीच्या सुनावणीला आलेले एक साहेब तर तिच्या प्रश्नांना कंटाळून जेवायच्या आधीच उठून गेले होते. आजही तिला धाकधूक नव्हती. "आत्याबाई, डोंगर घेऊनच येते," असं सासूला सांगून ती निघाली होती.

शिपायानं तिचं नाव पुकारलं.

साहेब तरुण होते. लहान मुलांच्या बाकावर कसेबसे बसले होते. त्यांनी नकाशा उलगडून नीट पाहिला.

"एवढी तयारी मी कुठल्याच गावाची पाहिलेली नाही," ते म्हणाले. "अडचण एकच. डोंगर एक आणि दावे दोन. वाद आहे म्हटल्यावर दोन्ही अडकतील. उंबरेवाडीचे लोक या डोंगरावर कधी येत नव्हते, असं तुम्ही सांगणार असाल तर सांगा. तुमचा पुरावा भक्कम आहे. तुमचा दावा पुढे जाईल."

कुठल्याही प्रश्नाला जयाकडे उत्तर तयार होतं. हा प्रश्न मात्र तिच्या तयारीत नव्हता.

भागवतनं आपल्याबद्दल हेच सांगितलं असणार. आता आपण एवढंच म्हणायचं, नव्हते येत. आसारामचं कपाळ तिला आठवलं. शब्द अगदी जिभेवर आला.

आणि तिथंच अडला. हे वाक्य तिनं एका जुन्या सरकारी कागदात वाचलेलं होतं. जुन्या काळी सरकारनं डोंगर ताब्यात घेतला, तेव्हा हेच कारण दिलं होतं. इथं कुणाचीही वहिवाट नाही. ग्रामसभेत तिनं ते वाचून दाखवलं, तेव्हा तिची सासू विजयमाला ताडकन उठून म्हणाली होती, "मंग आमी कोन हुतो तितं? वानरं?"

"येत हुते, साहेब," जया म्हणाली. "आजपन येत्यात. उन्हाळ्यात वरच्या झऱ्याचं पानी त्यांच्या बाया भरतात, मी डोळ्यांनी बघते. हिरडा बी येचतात. भांडलो आमी, पन येतच न्हाईत असं कसं म्हनू?"

"विचार करून बोला. तुमचा दावा अडकेल."

"अडकू द्या. इथं कुनी न्हाईच, असं म्हनून आमचा डोंगर गेला. ते मी शेजाऱ्याबद्दल बोलनार न्हाई. आन दावा मी परत लावीन, साहेब. तुमची बदली झाली तर तुमच्या जागी येतील त्यांच्यापुढं लावीन."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते थोडं हसले.

"हाच प्रश्न मी भागवतरावांनाही विचारला."

"ठाऊक हाय."

"ते काय म्हणाले, ते ठाऊक आहे?"

जयानं नकाशाची घडी घालायला घेतली.

"म्हणाले, डोंगर हिरडवाडीचाही आहे, आमच्याइतकाच. त्या बाई आमचं नाव घेणार नाहीत. तरी मी त्यांचं पुसणार नाही."

खिडकीतून आंबा दिसत होता. जया तिकडे बघत राहिली.

"वाद खरंच किती खोल आहे, तेच मला बघायचं होतं," साहेब म्हणाले. "दोघांनी मिळून एकच दावा करा. तो मी आजच पुढे पाठवतो. बोलवा त्यांना."

ती बाहेर आली. आसाराम धावत पुढे झाला. "काय झालं? मिळाला का डोंगर?" तिनं त्याला हातानंच थांबवलं आणि सरळ आंब्याखाली गेली. उंबरेवाडीची माणसं सावध होऊन उठून उभी राहिली. भागवत एकटा बसून होता, मान खाली घालून, सगळं हरून बसल्यासारखा.

"भागवतदादा, आत चला. साहेब बोलवत्यात."

"आता कशाला?" त्यानं वर न बघताच विचारलं. "तुझं सांगून झालं ना?"

"झालं."

"काय सांगितलंस?"

"तुमी सांगितलं तेच."