न वाजवलेला हॉर्न

लाल झेंडे मागे पडले, तरी बेनितेसनं हॉर्न वाजवला नाही.

नेलिदानं कोपरानं नणंदेला ढोसलं. क्लोतिल्देच्याही ते लक्षात आलं होतं. गाउचितो हा तिकडच्या वाटसरूंचा राखणदार संत. त्याचं देऊळ म्हणजे वळणावरची लाल झेंड्यांची एक घुमटी, पण तिच्यासमोरून जाताना ओंडक्यांचे ट्रक, शाळेची बस, अगदी पाद्रीबाबांची मोटारसुद्धा हॉर्न वाजवून सलामी देते. जो देत नाही तो मुक्कामाला पोचत नाही, हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल.

“विसरलात वाटतं,” क्लोतिल्दे म्हणाली.

“काय?”

“गाउचितोला हॉर्न.”

“विसरलो नाही,” बेनितेस म्हणाला. “आणि बाई, जरा हळू बोला.”

दोघींची बस वाटेत बंद पडली होती. भर उन्हात कितीतरी वेळ हात दाखवल्यावर हा छोटा ट्रक थांबला होता. ‘धबधब्याकडेच चाललोय,’ असं बेनितेस म्हणाला, तेव्हा नेलिदाला त्याचे पाय धरावेसे वाटले होते. तिचं सगळं आयुष्य चहाच्या मळ्यात गेलं. धबधबा तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. जपानहून माणसं येऊन तो बघून गेली, तिनं मात्र पाहिला नव्हता. आता धबधबा राहिला बाजूला. तिला जिवंत पोचायचं होतं.

ट्रकच्या मागच्या भागावर ताडपत्री घट्ट आवळलेली होती. तिकडून एक उग्र दर्प येत होता. दवाखान्यासारखा, आणि खाटकाच्या दुकानासारखाही.

क्लोतिल्देनं थर्मासमधलं गरम पाणी ओतून माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, केला आणि नळीसकट भोपळ्याचा तुंबा त्याच्यापुढे धरला.

“घ्या. कडू आहे, पण आमच्या वहिनीइतका नाही.”

तो हसला नाही. “नको. हात खराब आहेत माझे.”

पुढे केलेला माते तिकडे वैरीसुद्धा परत करत नाही. नेलिदानं त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना रक्त वाळलेलं होतं.

“वहिनी,” क्लोतिल्दे तिच्या कानाशी लागली, “लग्नातसुद्धा एवढी पांढरी पडली नव्हतीस गं.”

“तेव्हा तुझा भाऊ कसा आहे ते ठाऊक नव्हतं मला.”

“मग आत्ता काय ठाऊक झालं?”

नेलिदानं डोळ्यांनीच ते हात दाखवले. क्लोतिल्देचं हसू मावळलं.

तेवढ्यात ट्रक डांबरी रस्ता सोडून रानात शिरला. खाली लाल माती, दोन्ही बाजूंना गच्च झाडी. समोर ना घर, ना माणूस.

“अहो, धबधबा सरळ आहे ना?” क्लोतिल्देनं विचारलं.

“तिकडे वर्दळ फार. इथून कुणी येत-जात नाही.”

“मागे काय नेताय एवढं?”

बेनितेसनं पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं. “ते न विचारलेलं बरं. ह्या भागात कुणाला कळलं, तर माझी धडगत नाही.”

नेलिदा मनातल्या मनात गाउचितोला आळवू लागली. ह्यानं नाही वाजवला हॉर्न देवा, आमचा काय दोष? क्लोतिल्दे खिडकीबाहेर बघत होती. पण मांडीवरचा तुंबा तिनं दगडासारखा मुठीत धरला होता.

एका मोठ्या झाडाच्या सावलीत ट्रक थांबला. बेनितेसनं घड्याळ पाहिलं आणि आसनाखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब बाहेर काढलं.

“इंजिन चालूच राहू दे. खाली उतरू नका,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “आणि मागून काहीही ऐकू आलं, तरी ओरडू नका.”

तो मागे गेला. दोर सुटल्याचा आवाज आला. मग लोखंडी कडी सरकली.

“क्लोती,” नेलिदाला जेमतेम एवढंच म्हणता आलं.

मळ्यावरचा ट्रॅक्टर क्लोतिल्देच चालवायची. ती सरकून स्टिअरिंगमागे बसली आणि तिनं ट्रक असा उसळवला की नेलिदाचं डोकं छताला आपटलं. मागे काहीतरी धाडकन आदळलं, मग जड असं काहीतरी रस्त्यावर पडलं.

“पडू दे! पडू दे त्याचं मढं!” क्लोतिल्दे किंचाळली.

आरशात बेनितेस दिसत होता. दोन्ही हात हलवत तो ट्रकमागे धावत होता. नवल म्हणजे ओरडत मात्र नव्हता. मग एकाएकी तो जागच्या जागी थांबला. हात पसरून, रस्त्याच्या मधोमध, खांबासारखा.

“दमला मेला,” क्लोतिल्दे म्हणाली.

लाल धुरळ्यानं आरसा भरून गेला.

ती वाट थेट अभयारण्याच्या फाटकाशी निघाली. झाडांपलीकडून गडगडाट येत होता, न थांबणारा, छातीत घुमणारा. तो धबधब्याचा आहे हे नेलिदाला कुणी सांगावं लागलं नाही. ती रडू लागली.

फाटकाशी चार-पाच वनरक्षक उभे होते. ट्रक पाहून त्यांनी घाईघाईनं फाटक उघडलं. क्लोतिल्देनं खाली उडी मारली.

“धरा त्याला! खुनी आहे! रानात सोडून आलोय! मागे बघा, प्रेत असेल—”

म्हाताऱ्या रक्षकानं घाबऱ्या घाबऱ्या ओठांवर बोट ठेवलं. “हळू, बाई, हळू! ती जागी होईल.”

“कोण ती?”

“जग्वारीण. काल मोटारीची धडक बसली तिला. इथले गुरंवाले तिच्या जिवावर उठलेत, म्हणून गुपचूप आणायची होती. डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन निजवलीय. पण अंमल आता उतरत असेल, वाटेतच दुसरी सुई द्यायची होती.” त्यानं रिकाम्या आसनाकडे पाहिलं. “डॉक्टर बेनितेस कुठायत?”

रक्षक पावलांचा आवाज न करता मागे गेला, आणि त्यानं हलकेच ताडपत्री उचलली. पिंजरा रिकामा होता.