प्रांत सांगायचा

“घाई नाय. आदी वास घ्या, मग घोट, मग प्रांत सांगा,” वाल्मिकशेठ म्हणाले आणि त्यांनी पहिला ग्लास योगेंद्रच्या हातात दिला.

योगेंद्र बसला होता तो सोफा माणसाला आत घ्यायचा, पण बाहेर सोडायचा नाही. समोर काचेचं टेबल, टेबलापलीकडे शेठचे गुडघे, त्यांच्यामागे भिंतभर कपाट आणि कपाटात आख्खं स्कॉटलंड. कुंभिवलीत जमिनी घेणारी मंडळी व्यवहार झाला की शेठना एखादी सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली भेट देत. जमीन कमी होत गेली तसं कपाट भरत गेलं.

भिसेगावहून मुलगी बघायला आलेल्या योगेंद्रची अडचण एवढीच होती, की त्याने आजवर दारूचा थेंब चाखला नव्हता. पण शेठची मुलगी समीक्षा त्याला आवडली होती. फोटोत आवडली होतीच. चार दिवसांपूर्वी तिचा आपणहून फोन आल्यावर तर फारच आवडली.

“बाबांना माल्टमधलं कळणारा जावई पाहिजे,” तिने सांगितलं होतं. “नको म्हणालात तर विषय तिथंच संपेल. ते पाहुण्याकडे पाठ फिरवून ओततात, पण मला दारातून बाटली दिसते. मी चखण्याची बशी आणेन, तिच्यावरून स्कॉटलंडातला प्रांत ओळखा. सुके बोंबील आले तर आयला बेट, सफरचंद आलं तर स्पेसाइड, खारे शेंगदाणे म्हणजे कॅम्पबेलटाउन.” मग काय काय बोलायचं तेही तिने पाठ करून घेतलं होतं. लग्नाआधी एवढं कोण करतं, या विचाराने योगेंद्र भारावून गेला होता.

समीक्षा खाली मान घालून आली आणि बशी ठेवून दाराशी उभी राहिली. बशीत बोंबील होते.

योगेंद्रने डोळे मिटून घोट घेतला. घशातून निखारा उतरला. हे एकच नाव त्याला पाठ करावं लागलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून निघालं.

“आयला!”

“बरोबर,” शेठ म्हणाले. “कशावरनं?”

“धूर आहे,” योगेंद्र खोकत म्हणाला. “पीट, म्हणजे दलदलीतली माती, जाळून सातू सुकवतात, त्याचा. मागून समुद्राचा वारा. आणि जरासा दवाखान्याचा वास.”

शेठ पाठ फिरवून कपाटाकडे वळले. “सवय दिसते.”

“छंद आहे,” योगेंद्र नम्रपणे म्हणाला. “तुम्ही नाही घेत?”

“आमी आज यजमान. तुमी चालू ठेवा.”

दुसरा ग्लास आला, मागोमाग सफरचंदाच्या फोडी आल्या. आता कपाट जरा डावीकडे कललं होतं.

“स्पेसाइड. नदीकाठची. मध आहे, पिकलेलं फळ आहे, शेरी वाइनच्या पिंपाची गोडी आहे.”

“पिंप पण कळतं?”

“ते तर पहिलं कळतं.”

ओसरीवरून दशरथमामाची हाक आली. योगेंद्रबरोबर वडीलधारं म्हणून तोच आला होता आणि एव्हाना त्याचे दुसऱ्यांदा पोहे खाऊन झाले होते. “आटपलं का रं, योग्या?”

“पाव्हणं रंगात आलंत,” शेठनीच उत्तर दिलं. “तुमी चहा घ्या.”

योगेंद्रने उठायचा प्रयत्न केला. सोफ्याने तो हाणून पाडला. “पुरे झालं की, शेठ.”

“आता कुठं? जाणकार माणूस अर्ध्यात उठत नाय.”

त्याने केविलवाण्या नजरेने दाराकडे पाहिलं. समीक्षाने डोळ्यांनीच ‘एवढाच’ अशी खूण केली आणि खारे शेंगदाणे पुढे ठेवले. योगेंद्रने नाक न दाबता, पण दाबल्यासारखं करून ग्लास रिकामा केला.

“कॅम्पबेलटाउन,” तो म्हणाला. मग तिने शेवटी म्हणायला सांगितलेलं वाक्य त्याने जीभ सावरत म्हटलं, “रोज जेवणाआधी ही एक असली ना शेठ, की दिवस सार्थकी लागतो.”

शेठनी बाटलीला बूच लावलं, कपाट बंद केलं आणि मामाला आत बोलावलं.

“दशरथभाऊ, राग मानू नका. माजा थोरला भाऊ दारूपायीच गेला. ह्या बाटल्या मी प्यायला ठेवल्या नायत. स्थळ आलं की पोराला हितं बसवतो. ‘मी घेत नाय’ म्हणून जो पहिलाच ग्लास बाजूला सारील, त्याला पोरगी द्यायची. तुमचा भाचा तर वासावरनं गाव सांगतो, वर रोज पायजे म्हणतो.”

“अहो, मी घेतच नाही!” योगेंद्र ओरडला. “आज पहिल्यांदाच…” पण शब्द एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडले.

“तीन ग्लास झाल्यावर सगळे हेच म्हणत्यात,” शेठ शांतपणे म्हणाले.

“समीक्षा, तुम्ही सांगा ना!”

समीक्षाने पदराने डोळे टिपले आणि ती आत निघून गेली. तिचं दुःख पाहून योगेंद्रला स्वतःचं विसरायला झालं.

मामाने त्याला दोन्ही हातांनी सोफ्यातून उपसून काढलं. “आईला काय सांगू रं तुझ्या?” एवढंच म्हणून तो गाडी वळवायला गेला.

योगेंद्र अंगणात भिंतीला धरून उभा राहिला. डोक्यावर स्वयंपाकघराची खिडकी होती. आत समीक्षा फोनवर हळू आवाजात बोलत होती.

“सुटले रं, रुद्र! ह्या वेळी घाम फुटला पण. हा तर कधी थेंबसुद्धा प्यायला नव्हता.”