दारात उभा प्रश्न

“नाही म्हणतंय, काकू.”

“पुन्हा विचार त्याला. नागू वाघमारे. नीट टाईप कर.”

काव्यानं पुन्हा टाईप केलं. पुन्हा तेच. पडद्यावर तिनंच लिहिलेलं वाक्य उमटलं – ‘या नावाचं कोणी नाही. तुमचा प्रश्न दारात उभा आहे.’

हे वाक्य चंद्रिकाबाईंना पहिल्या दिवशी फार आवडलं होतं. आता त्याचा राग येऊ लागला होता. “किती उभा ठेवतीस गं? पाय दुखले असतील त्याचे.”

काव्या हसली. चंद्रिकाबाईंच्या धाकट्या दिराची ही लेक. नर्सिंग शाळेच्या ट्रस्टनं आजवर शिकून गेलेल्या मुलींकडून भरून घेतलेली नावं एका सर्व्हरवर आणली होती आणि त्या सर्व्हरशी बोलणारं फोनवरचं ॲप काव्यानं लिहिलं होतं. तिनं काकूंना समजावलं होतं, “तो सर्व्हर म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरसारखा. ॲप दाराशी जाऊन आधी आपली ओळख सांगतं, मग विचारतं, अमकी आहे का? असली तर उत्तर मिळतं. नसली तर प्रश्न तिथंच उभा राहतो. ते नाव कधीही आत आलं की त्याच क्षणी विचारणाऱ्याला निरोप जातो, नंबरासकट.”

“ओळख सांगितल्याशिवाय आत सोडायचं नाही, हे बरं केलंस,” चंद्रिकाबाई म्हणाल्या होत्या. मेट्रन असताना त्यांनी आमदारालासुद्धा भेटीच्या वेळेआधी वॉर्डात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

येत्या रविवारी जुन्या साऱ्या जणी शाळेत जमणार होत्या. चंद्रिकाबाईंनी सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं, “नागू आली तर मी येणार. नाहीतर तुमचं तुम्ही जेवा.” आणि तरीही काल शेंगांची चटणी कुटून बरणी भरून ठेवली होती. होस्टेलच्या खोलीत दोघींची एकच बरणी असायची. चंद्रिकाबाईंच्या अक्कलकोटकडच्या घरून चटणी यायची, नागूच्या घरून ज्वारीच्या कडक भाकरी. पहिल्या रात्रपाळीत घाबरून दोघी एकाच स्टुलावर बसल्या होत्या, ते त्यांना आजही काल घडल्यासारखं आठवत होतं. शिक्षण संपलं, नागूला सांगोल्याच्या बाजूला नेमणूक मिळाली. गावोगाव टँकर, गावोगाव पटकी. लग्नाला यायला तिला रजाच मिळाली नाही. मग माहेरच्या पत्त्यावर येणारी पत्रं सासरी पोचेनात आणि सगळं तुटलं.

“सांगोल्याच्या एक आहेत,” काव्या यादीवर बोट फिरवत म्हणाली. “बुद्धप्रिया सरवदे. रिटायर्ड.”

“असतील. मला नागू हवी. तुझ्या ॲपातच काहीतरी खोट आहे.”

“खोट नाही हो. नागूबाई तुम्हाला शोधत असत्या, तर तुम्ही लगेच सापडला असता त्यांना. चंद्रिका हत्तुरे म्हटलं की पहिलंच नाव तुमचं. त्यांना तुमचं नाव ठाऊक आहे ना?”

“म्हणजे काय! एका ताटात जेवलो आम्ही. माझं नाव तिला…”

चंद्रिकाबाईंना लग्नाचा दिवस आठवला.

सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव काढलं. सासूबाईंना जुनं नाव फार गावंढळ वाटत होतं. नव्या सुनेनं तक्रार केली नाही. उलट ते नवं नाव तिनं असं गाजवलं, की ‘चंद्रिका सिस्टर आल्या’ म्हटलं की अख्खा वॉर्ड ताठ व्हायचा. पण त्या ताटाजवळ नागू नव्हती.

“काव्या, या तुझ्या सर्व्हरात एका माणसाला किती नावं ठेवता येतात?”

“सर्व्हरात? हवी तितकी.” काव्या चाचरली. “मी फक्त आधारवरचं एकच विचारलं. मला वाटलं, माणसाचं नाव एकच असतं.”

“तुझं लग्न झालेलं नाही अजून. त्या शाळेतल्या निम्म्या मुलींना विचार.” त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “लिही. चंद्रिका खोडू नकोस, ते मी कमावलंय. त्याच्या शेजारी लिही. गुरम्मा बगले.”

काव्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये दोन-चार ओळी वाढवल्या. कपाळाला आठ्या घालून एकदा तपासल्या. नाव लिहिलं आणि पाठवलं.

“झालं. आता नागूबाईंचंही असंच काहीतरी जुनं-नवं असणार. सगळ्यांनाच कळवते मी, आपापली जुनी नावं –”

चंद्रिकाबाईंचा फोन वाजला. पडद्यावर ॲपनं नाव दाखवलं, बुद्धप्रिया सरवदे.

“ह्या बाईंचं काय काम माझ्याकडं?” म्हणत त्यांनी मेट्रनच्या आवाजात विचारलं, “हॅलो, कोण पाहिजे आपल्याला?”

पलीकडं कुणीतरी आधी नाक ओढलं. मग हसलं. मग तोच आवाज आला, स्टुलावरच्या रात्रपाळीतला.

“कुटं हरवली हुतीस गं, गुरव्वा? तुज्या दारात उभी राहून पाय दुखले की माजे!”