नाळेतलं रक्त

सुरभीला मुलगी झाली, तेव्हा सासरे पुंडलिकराव आर्णीहून बाळ पाहायलाही आले नाहीत. "पोरगं आजारी, अन् आता वरून पोरगी! काय पाहू येऊन?" म्हणत त्यांनी फोन आपटला.

त्याच मुलीच्या नाळेतलं रक्त डॉक्टरांनी जपून ठेवलं होतं, थॅलेसेमियानं पिवळ्या पडलेल्या तिच्या भावासाठी. पुढे ते पाच वर्षांच्या देवांशच्या शिरेतून आत गेलं आणि माहेरची वाट ठाऊक असावी तसं हाडांच्या गाभ्यात जाऊन रुजलं.

वर्षभरानं नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "पोरगा बरा झाला." पुंडलिकरावांनी नातवाला खांद्यावरच घेतलं. "होणारच! मर्दाचं रगत हाय ते, आमच्या घराण्याचं!" देवांशची दोन वर्षांची बहीण ओवी हात वर करून त्यांच्या पायाशी उभी होती. तिला उचलायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

सुरभीनं दातओठ खात रिपोर्ट त्यांच्या नाकासमोर धरला.

"वाचा, मामाजी. डॉक्टरनं तपासून लिहून देल्लं. तुमच्या नातवाच्या अंगात आता मर्दाच्या रगताचा एक थेंब नाई. जे हाय, ते सारं या पोरीचं हाय."